सोस्यूर यांचा जिनिव्हातील वर्ग आणि न लिहिलेला ग्रंथ

मराठी घेऊन एम. ए. करणाऱ्या विद्यार्थ्याची फर्दिनां द सोस्यूर या नावाशी पहिली गाठ पडते ती भाषाविज्ञानाच्या अभ्यासपत्रिकेत, आणि तीही जोड्यांच्या रूपात. भाषाव्यवस्था आणि भाषिक प्रयोग, चिन्हक आणि चिन्हित, एककालिक आणि कालक्रमिक अभ्यास. या जोड्या फळ्यावर लिहिल्या, प्रत्येकीला एकेक उदाहरण दिले, की सोस्यूर ‘झाले’. पुढे समीक्षेच्या अभ्यासपत्रिकेत संरचनावादाचे मूळपुरुष म्हणून ते पुन्हा एकदा डोकावतात आणि परीक्षेतील एका टिपेपुरते उरतात. हे विचार कोणत्या शहरात, कोणापुढे, कोणत्या क्रमाने मांडले गेले हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो विचारला तर सोस्यूर थोडे वेगळे दिसू लागतात, असे मला वाटते. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे.

भाषाशिक्षणावरील एका परिषदेच्या निमित्ताने मध्यंतरी जिनिव्हाला जाण्याचा योग आला. आपल्याकडे जिनिव्हा म्हटले की संयुक्त राष्ट्रसंघाची कार्यालये, युद्धविषयक करार आणि घड्याळे आठवतात. परंतु हे शहर त्याआधी एक विद्यानगरी होते. जाँ काल्व्हँ (ज्यांना आपण इंग्रजी वळणाने कॅल्व्हिन म्हणतो) यांनी १५५९ मध्ये येथे अकादमी स्थापन केली. तिचे पहिले प्रमुख थेओदोर द बेझ. १८७३ मध्ये वैद्यक शाखेची भर पडल्यावर या अकादमीचे विद्यापीठ झाले. बास्तियाँ नावाच्या उद्यानात विद्यापीठाची एकोणिसाव्या शतकातील इमारत उभी आहे आणि तिच्यासमोर जुन्या तटाला लागून धर्मसुधारकांची प्रसिद्ध भिंत आहे. फारेल, काल्व्हँ, बेझ आणि नॉक्स यांच्या सुमारे पाच मीटर उंचीच्या दगडी मूर्ती तेथे ओळीने उभ्या आहेत. काल्व्हँ यांच्या जन्माला ४०० आणि अकादमीला ३५० वर्षे झाली म्हणून १९०९ मध्ये या स्मारकाचा आरंभ झाला. ते पूर्ण होऊन त्याचे उद्घाटन झाले १९१७ मध्ये. या दोन वर्षांच्या दरम्यान समोरच्या विद्यापीठात जे घडले त्याची दखल त्या वेळी फार थोड्यांनी घेतली. सोस्यूर यांचे सामान्य भाषाविज्ञानावरील अखेरचे वर्ग याच काळात झाले, १९१३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९१६ मध्ये त्यांच्या नावाचा ग्रंथ निघाला.

हे शहर फ्रेंच बोलते, पण ते नेहमीच पॅरिसची फ्रेंच बोलत होते असे नाही. जिनिव्हाची स्वतःची एक बोली होती. भाषाभ्यासक तिला फ्रँको-प्रोव्हांसाल या गटात घालतात. फ्रेंच आणि प्रोव्हांसाल यांच्या मधली, दोहोंशी नाते असलेली पण दोहोंहून निराळी अशी ही भाषा. १६०२ च्या डिसेंबरातील ११ आणि १२ तारखांमधील रात्री सव्हॉयच्या ड्यूकच्या सैन्याने शिड्या लावून तटावरून शहरात शिरण्याचा प्रयत्न केला. तो नागरिकांनी उधळून लावला. या प्रसंगावर लगेचच, बहुधा १६०३ च्या सुमारास, कोणा अज्ञात कवीने ६८ कडव्यांचे एक गीत रचले. ‘से के लेनो’ या नावाने ते ओळखले जाते आणि आज ते जिनिव्हाचे अधिकृत राज्यगीत आहे. ते याच जुन्या बोलीत आहे. दर डिसेंबरात त्या प्रसंगाच्या उत्सवात त्यातील मोजकी कडवी सारे शहर उभे राहून गाते. मात्र ज्या भाषेत ते गाते ती भाषा आता शहरात कोणी बोलत नाही. अर्थ कळण्यासाठी फ्रेंच भाषांतराचा आधार घ्यावा लागतो.

ही बोली का मागे पडली? एकच कारण देता येणार नाही, पण एक महत्त्वाचे कारण शहराच्या इतिहासातच आहे. धर्मसुधारणेच्या काळात जिनिव्हा हे निर्वासितांचे आश्रयस्थान झाले. काल्व्हँ स्वतः उत्तर फ्रान्समधील न्वायाँचे. फ्रान्समधून छळाला कंटाळून आलेले प्रॉटेस्टंट, इटालियन कुटुंबे आणि इंग्लंडमधून परागंदा झालेले धर्मपंडित या सगळ्यांची येथे गर्दी झाली. इंग्रजी बायबलची ‘जिनिव्हा बायबल’ म्हणून ओळखली जाणारी आवृत्ती १५६० मध्ये याच शहरात छापली गेली. प्रवचनाची, छापखान्याची आणि शाळेची भाषा म्हणून फ्रेंच वर चढत गेली आणि बोली घरात, बाजारात आणि शेवटी केवळ गीतात उरली. सोस्यूर घराणेही मुळात लोरेन प्रांतातून धर्मासाठी आलेल्या निर्वासितांचेच. पुढे ते शहरातील प्रतिष्ठित घराण्यांत गणले गेले. फर्दिनां यांचे पणजोबा ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर हे अकादमीत प्राध्यापक होते आणि आल्प्स पर्वताचे आद्य शास्त्रीय अभ्यासक म्हणून त्यांची ख्याती आहे.

फर्दिनां यांचा जन्म १८५७ चा. वयाच्या एकविसाव्या वर्षी, लाइप्झिगला विद्यार्थी असताना, त्यांनी इंडो-युरोपीय भाषांच्या मूळ स्वरव्यवस्थेवर प्रबंध प्रसिद्ध केला. उपलब्ध कोणत्याही भाषेत थेट न सापडणारे काही ध्वनिघटक मूळ भाषेत असले पाहिजेत, अन्यथा पुढील भाषांतील स्वरांची संगती लागत नाही, असे अनुमान त्यांनी केवळ व्यवस्थेच्या तर्कावरून काढले. पुढे हित्ती भाषेचे लेख उलगडले गेले आणि १९२७ मध्ये कुरिवोविच या पोलिश अभ्यासकाने त्या ध्वनींच्या खुणा हित्तीत दाखवून दिल्या. तोवर सोस्यूर यांना जाऊन १४ वर्षे झाली होती. त्यांचा डॉक्टरेटचा विषय होता संस्कृतमधील सति षष्ठीचा प्रयोग. दहा वर्षे पॅरिसला अध्यापन करून ते १८९१ मध्ये जिनिव्हाला परतले आणि तेथे त्यांनी प्रामुख्याने संस्कृत आणि तुलनात्मक व्याकरण शिकवले. आपण ज्यांना आधुनिक भाषाविज्ञानाचे प्रवर्तक म्हणतो ते आपल्या शहरात पंधरा वर्षे मुख्यतः संस्कृतचे शिक्षक होते, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते.

जिनिव्हात परिषदा भरवण्याची परंपराही जुनी आहे. १८९४ च्या सप्टेंबरात तेथे प्राच्यविद्या परिषदेचे दहावे आंतरराष्ट्रीय अधिवेशन झाले. याच परिषदेच्या व्हिएन्ना येथील १८८६ च्या अधिवेशनाला आपले रामकृष्ण गोपाळ भांडारकर गेले होते. जिनिव्हा अधिवेशनाच्या आयोजनात सोस्यूर यांचा सहभाग होता आणि लिथुएनियन भाषेतील आघातावर त्यांनी तेथे निबंधही वाचला. त्याच अधिवेशनात नेमलेल्या समितीने संस्कृतचे रोमन लिप्यंतर कसे करावे याची पद्धत ठरवली. ट, ड, ण यांसाठी अक्षराखाली टिंब आणि दीर्घ स्वरासाठी अक्षरावर आडवी रेघ ही जी रीत आपण शोधनिबंधांत आजही पाळतो, तिचे प्रमाणीकरण या शहरात झाले. मराठीच्या अभ्यासकाला या पद्धतीतील एक उणीवही ठाऊक असते. ‘चार’मधला च आणि ‘चमचा’मधला च हे मराठी कानाला दोन वेगळे ध्वनी आहेत. संस्कृतसाठी आखलेल्या या पद्धतीत त्यांच्यासाठी एकच खूण आहे, आणि आपल्या देवनागरीतही एकच अक्षर आहे. लेखन हे बोलण्याचे पूर्ण चित्र नसते, लिहिलेले पाहून बोललेल्याविषयी फसगत होते, ही गोष्ट सोस्यूर यांनी पुढे वर्गात आग्रहाने सांगितली. आपल्याला त्यासाठी ‘चमचा’ हा एक शब्द पुरेसा आहे.

त्याच वर्षाच्या आरंभी, जानेवारी १८९४ मध्ये, सोस्यूर यांनी आपले पॅरिसमधील एकेकाळचे विद्यार्थी अँत्वान मेये यांना एक पत्र लिहिले होते. भाषेसंबंधी दहा ओळी धडपणे लिहिणेही आपल्याला किती जड जाते, प्रचलित परिभाषा किती अपुरी आहे, अशा आशयाची तक्रार त्यात आहे. हे पत्र महत्त्वाचे अशासाठी की पुढील वीस वर्षे सोस्यूर यांनी सामान्य भाषाविज्ञानावर एकही ग्रंथ प्रसिद्ध केला नाही. ते बोलले, आणि बोलले तेही नाइलाजाने. १९०६ च्या अखेरीस या विषयाचे प्राध्यापक जोझेफ वेर्थायमर निवृत्त झाले आणि ती जबाबदारी सोस्यूर यांच्याकडे आली. १९०७, १९०८–०९ आणि १९१०–११ असे तीन वेळा त्यांनी हा विषय शिकवला. समोर डझनभराच्या आतबाहेर विद्यार्थी असत. प्रत्येक वेळी त्यांनी मांडणी बदलली. १९१२ मध्ये ते आजारी पडले आणि २२ फेब्रुवारी १९१३ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, गेले.

त्यांच्या मागे शार्ल बाली आणि आल्बेर सेशेए या सहकाऱ्यांनी त्यांची टिपणे शोधली. हाती फारसे लागले नाही. वर्गासाठी केलेले कच्चे खर्डे सोस्यूर काम होताच नष्ट करीत असत. बाली आणि सेशेए हे दोघेही त्या तीन वर्गांना स्वतः बसलेले नव्हते. मग त्यांनी विद्यार्थ्यांच्या वह्या गोळा केल्या. आल्बेर रिडलिंगर या विद्यार्थ्याचे त्यांना विशेष साहाय्य झाले. तीन वर्षांची तीन निरनिराळी मांडणी त्यांनी एकत्र केली, तिसऱ्या वर्षाची मांडणी मुख्य आधार मानली, प्रकरणे पाडली, दुवे घातले आणि १९१६ मध्ये ‘सामान्य भाषाविज्ञानाचा अभ्यासक्रम’ या अर्थाच्या शीर्षकाचा ग्रंथ सिद्ध केला. मुखपृष्ठावर लेखक म्हणून नाव सोस्यूर यांचे. विसाव्या शतकातील मानव्यविद्यांवर ज्या मोजक्या ग्रंथांचा खोल ठसा आहे त्यांत याची गणना होते, आणि तो त्याच्या लेखकाने लिहिलेला नाही.

मराठीच्या वाचकाला ही परिस्थिती सर्वस्वी अपरिचित वाटू नये. चक्रधरांनीही ग्रंथ लिहिला नाही. म्हाइंभटांनी ठिकठिकाणी जाऊन, ज्यांनी ऐकले आणि पाहिले त्यांना विचारून, नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली लीळा जमवल्या. लीळाचरित्रात चक्रधरांचे वचन येते ते स्थळ आणि प्रसंग यांच्यासह. पुढे केसोबासांनी त्यातील वचने वेगळी काढून विषयवार सूत्रपाठ सिद्ध केला. सूत्रपाठामुळे सिद्धांत नीटस हाती आला, पाठांतराला सोपा झाला. परंतु हे वचन कोणाला, कोठे आणि कशावरून म्हटले हे जाणून घ्यायला आपण पुन्हा लीळांकडेच वळतो. बाली आणि सेशेए यांनी जे सिद्ध केले ते एका परीने सोस्यूर यांचे सूत्रपाठ होत. त्यांच्याविषयी कृतज्ञताच बाळगली पाहिजे, कारण त्यांनी हे काम केले नसते तर सोस्यूर हे नाव इंडो-युरोपीय भाषांच्या मोजक्या तज्ज्ञांपुरतेच राहिले असते. पण लीळांकडे वळण्याची गरज त्याने संपत नाही.

सुदैवाने ते वळणे आता शक्य आहे. १९५७ मध्ये रोबेर गोदेल यांनी ग्रंथामागील हस्तलिखितांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतर लवकरच एमिल काँस्तांतँ या विद्यार्थ्याच्या, तिसऱ्या वर्षाच्या अतिशय तपशीलवार वह्या उजेडात आल्या. त्या बाली आणि सेशेए यांना मिळालेल्या नव्हत्या. रुडोल्फ एंगलर यांनी छापील ग्रंथाचे वाक्य आणि वह्यांतील मजकूर शेजारी शेजारी ठेवणारी चिकित्सक आवृत्ती १९६७ पासून काढली. १९९६ मध्ये सोस्यूर कुटुंबाच्या जिनिव्हातील जुन्या वाड्याच्या बागेत, हिवाळ्यात संत्र्याची झाडे ठेवण्यासाठी असलेल्या घरात, सोस्यूर यांच्या स्वतःच्या हातचे काही कागद सापडले आणि ते २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. हस्तलिखितांचा मोठा संग्रह बास्तियाँ उद्यानातील ग्रंथालयात आहे. धर्मसुधारकांचे स्मारक दगडात आहे आणि त्याच्यापासून काही पावलांवर सोस्यूर यांचे स्मारक वह्यांत आहे.

या वह्यांवरून जे कळते त्यातील एक गोष्ट मला आपल्या दृष्टीने फार मोलाची वाटते. ती म्हणजे क्रम. तिसऱ्या वर्षी, ऑक्टोबर १९१० मध्ये, सोस्यूर यांनी अभ्यासक्रमाचे तीन भाग सांगितले. पहिला भाषांचा, म्हणजे अनेकवचनी भाषांचा. दुसरा भाषेचा, म्हणजे त्या अनेकांतून अमूर्तपणे हाती येणाऱ्या व्यवस्थेचा. आणि तिसरा व्यक्तीच्या ठायी असणाऱ्या भाषाशक्तीचा आणि तिच्या वापराचा. त्यांनी सुरुवात केली ती भाषांच्या भौगोलिक वैविध्यापासून. भाषेचा विचार करू लागणाऱ्या माणसाच्या प्रथम लक्षात येते ते हेच, की पलीकडच्या मुलखातील लोक वेगळे बोलतात. परक्याचे बोलणे कानावर पडते तेव्हाच आपणही एक भाषा बोलतो याची जाणीव होते. दर बारा कोसांवर भाषा बदलते असे आपली म्हण सांगते. सोस्यूर यांच्या अभ्यासक्रमाचे पहिले पाऊल नेमके येथे होते. त्यानंतर बोलींच्या सीमा, एकाच प्रदेशात अनेक भाषांचे सहवास, लेखन, जगातील भाषाकुले असा प्रवास करीत ते ‘भाषाव्यवस्था’ या कल्पनेशी पोचले तेव्हा १९११ चा एप्रिल महिना संपत आला होता. चिन्हक आणि चिन्हित ही जोडी वर्गात आली ती मे महिन्यात. जुलैच्या आरंभी वर्ग संपला. तिसऱ्या भागाला वेळ उरलाच नाही.

छापील ग्रंथात हा क्रम उलटला. भाषाव्यवस्था, चिन्ह, एककालिक अभ्यास हे आधी आले आणि भौगोलिक भाषाविज्ञान चौथ्या भागात, जवळजवळ शेवटी गेले. मजकूर गाळला गेला असे नाही. वाचक तेथवर पोचेपर्यंत थकतो, एवढेच. ग्रंथाचे अखेरचे वाक्य, ज्यात भाषाविज्ञानाचा खरा विषय म्हणजे केवळ भाषा, तिच्या स्वतःपुरती, अशा आशयाचे विधान आहे, ते तर वह्यांत आढळत नाही. ते संपादकांनी घातलेले आहे असे अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या शिक्षकाने ‘भाषा’ हे अनेकवचन मानून आरंभ केला त्याच्या नावाचा ग्रंथ एकवचनी भाषेच्या जयघोषाने संपतो.

यात केवळ पाठचिकित्सेचा तपशील आहे असे समजू नये. क्रम बदलला की अर्थाचे वजन बदलते. वर्गातील सोस्यूर यांच्या दृष्टीने भाषाव्यवस्था ही अनेक प्रत्यक्ष भाषा पाहिल्यावर हाती येणारी गोष्ट होती. पुस्तकातील विद्यार्थ्याला ती आधीच सिद्ध असलेली वाटते. त्या चौथ्या भागात सोस्यूर दोन ओढींविषयी बोलतात. एक आपल्या गावाला, आपल्या देवळाच्या कळसाला धरून राहण्याची ओढ (त्यांच्याकडे अर्थात चर्चच्या मनोऱ्याला), जी बोलींना वेगळेपण देते. दुसरी येण्याजाण्याची, देवघेवीची ओढ, जी भाषांना जवळ आणते. लेखनाची प्रमाण भाषा आणि स्थानिक बोली एका भूमीवर कशा नांदतात हेही तेथे येते. जिनिव्हाचा माणूस हे बोलतो तेव्हा त्यामागे एक अनुभव असणार, असे त्या शहरात फिरताना वाटत राहते. ज्या शहराने आपली बोली गीतात ठेवून दिली, आणि ज्याच्या रहिवाशांपैकी आज ४० टक्क्यांहून अधिक परदेशी नागरिक आहेत, त्या शहरात भाषांचे अनेकत्व हा सिद्धांताचा नव्हे, रस्त्यावरचा विषय आहे.

सोस्यूर यांच्यापासून निघालेला एक धागा आपल्यापर्यंतही येतो. मेये यांच्या हाताखाली शिकलेल्या झ्यूल ब्लॉक यांनी मराठी भाषेच्या घडणीवर फ्रेंचमध्ये प्रबंध लिहिला. तो १९२० मध्ये ग्रंथरूपाने निघाला आणि पुढे वा. गो. परांजपे यांनी तो मराठीत आणला. पॅरिसमध्ये भाषाविज्ञानाचे शिक्षण घेतलेल्या ना. गो. कालेलकरांनी ही दृष्टी मराठी वाचकांत रुजवली. त्यांच्या ज्या ग्रंथाला १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला त्याचे नाव ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ असे आहे. भूगोल हा शब्द त्यांनी शीर्षकात घेतला. सोस्यूर यांच्या छापील ग्रंथात मागे गेलेली गोष्ट मराठीत शीर्षकावर आली होती, आणि तरीही आपल्या अभ्यासपत्रिकांत तीन जोड्याच उरल्या.

आपल्या वर्गातील बाके पाहिली तर तेथे अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, झाडीबोली बोलणारी मुले बसलेली असतात. वर्गात ती गप्प असतात, कारण प्रमाण मराठीत तोंड उघडायचे म्हणजे चूक होण्याची भीती. त्यांना आपण पहिल्या दिवशी सांगतो की भाषा ही चिन्हांची व्यवस्था आहे. ती वाक्य वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत परत करतात. त्याऐवजी ऑक्टोबर १९१० मधील क्रम धरून पाहता येईल. पहिले काही तास मुलांनीच आपापल्या गावी ‘मी येतो’, ‘काय करतोस’ हे कसे म्हणतात ते सांगावे. कोणत्या गावापासून कोणते रूप बदलते याचा कच्चा नकाशा फळ्यावर निघावा. ‘चार’ आणि ‘चमचा’ यांचे च ऐकून पाहावेत. मग रूपे एकमेकांपासून वेगळी असल्यामुळेच त्यांना मूल्य येते, हे सूत्र मुलांना स्वतःच्या तोंडातून निघालेल्या सामग्रीवर दिसेल. जोड्या त्यानंतर आल्या तरी उशीर होणार नाही. खुद्द सोस्यूर यांच्या वर्गातही चिन्हक आणि चिन्हित ही जोडी मे महिन्यातच आली होती.

आणि एक. आधुनिक भाषाविज्ञानाचा पाया डझनभर मुलांच्या वह्यांवर उभा आहे. ती मुले बाजारातील मार्गदर्शकातून उतरवून घेत नव्हती; समोरचा माणूस विचार करीत असताना ती ऐकत होती. विद्यार्थी वह्या करत नाहीत अशी तक्रार आपण शिक्षकवर्गात नेहमी करतो. आपण वर्गात असे काय बोलतो की जे कोणी उतरवून ठेवावे, हा प्रश्न त्या तक्रारीच्या आधी यायला हवा.